आकडा पेशंटच सांगेल

हाडांच्या वॉर्डात नोकरी असली की किस्से शोधावे लागत नाहीत, ड्युटी संपली तरी डोक्यात बसून घरी येतात. मी जळगावच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. ऑपरेशननंतर दुखणं शून्य ते दहात किती, ते विचारून लिहायचं माझं काम. आकडा पेशंटच सांगेल, दुसरं कुणी नाही, यावरून मी सगळ्यांशी भांडते. भांडखोर म्हणतात मला. म्हणू देत!

मेहरूणचे एक रिटायर्ड गुरुजी, मांडीत रॉड घातलेला. घामाने उशी ओली, आणि आकडा सांगितला सात.

"गुरुजी, नक्की सातच?"

"दहापैकी दहा मी कधी कुणाला दिले नाहीत."

"मग वर्गात पहिल्या येणाऱ्याला किती द्यायचात?"

"सात."

मी लगेच डॉक्टरांना बोलावलं.

आमचे एक नवे डॉक्टर दारातूनच पेशंटला विचारायचे, "काय नाना, बरं ना?" नाना दात आवळून म्हणायचे, "बरं." की लिहिलं शून्य. मी तिथंच अडवलं. "सर, 'बरं' हा नमस्कार झाला. आता आकडा विचारा." नाना म्हणाले, "नऊ." सरांनी शून्य खोडून नऊ लिहिलं.

भेटायला येणारे तर विचारूच नका. एका पेशंटच्या व्याह्यांनी ऑपरेशनच्याच पायावर थाप मारून विचारलं, "इथंच ना?" त्या दिवशी आकडा विचारायची गरज पडली नाही.

आणि अमळनेरकडच्या अक्का. गुडघा बदललेला. तो आज वाकवला नाही तर आखडणार, आणि दुखण्यामुळे त्या हात लावू देत नव्हत्या. मी इंजेक्शन घेऊन गेले, तर मुलगा आडवा.

"आईला एवढं दुखत नाही. दोन लिहा. इंजेक्शनची सवय लागते."

"दोन-तीन दिवसांत सवय लागत नाही. आणि भाऊ, पाय तुमचा आहे का?"

"मी वर तक्रार करीन."

"खुशाल करा. नाव छातीवर लावलंय, वाचून घ्या. अक्का, तुम्ही सांगा."

अक्कांनी तोंडात धरलेला पदर सोडला आणि मुलाला अहिराणीत सुनावलं.

"तुना जलमना टाईमले दहा व्हतं. तवय कोन्ही इचारं नही. आते हाई सिस्टर इचारी राहयनी. आकडा आठ शे. सरक तिकडे."