इबूच्या कापडावरचं मेण

शेजारणीची वस्तू घरी आली की ती होती त्यापेक्षा बरी करून परत द्यायची, हे वळण मला आईने लावलं. डबा रिकामा जात नाही, कपडा चुरगळलेला जात नाही. लंडनच्या हॅरोला येऊन वीस वर्षं झाली, रिसायकलिंगच्या चार डब्यांचे रंगसुद्धा पाठ झाले, पण हे वळण काही सुटलं नाही. सुटलं असतं तर एका बाईची रोजीरोटी माझ्या इस्त्रीखाली आली नसती.

ही बाई आमच्या शेजारची, मूळची जावा बेटावरची. सत्तरीला टेकलेली, विधवा, चणीने लहान, हळू बोलणारी. तिकडे थोरल्या बाईला इबू म्हणतात, म्हणून मीही इबूच म्हणते. बागेतल्या शेडमध्ये बसून ती हाताने बाटिक करते. आठवड्यातून तीन दिवस शिक्षण केंद्रात त्याचा क्लास घेते, आणि त्या क्लासवरच तिचं घर चालतं. तर त्या महिन्यात केंद्राचं पत्र आलं: गुरुवारी एक साहेब येतील, काम बघतील, आणि क्लास ठेवायचा की ती खोली श्वास घ्यायला शिकवणाऱ्यांना द्यायची ते ठरवतील. हो, श्वास. इकडे त्याचाही क्लास असतो.

साहेबाला दाखवायला इबूने एक कापड काढलं होतं. सहा आठवडे त्यावर खपली होती. नेमका शुक्रवारी शेडमधला हीटर बंद पडला. दुरुस्त करणारा सोमवारी येणार, घरात दोन मांजरं, म्हणून कापड घेऊन ती माझ्या दारात उभी. "तुझी वरची खोली उबदार आहे. दोन दिवस ठेवशील?" पुढेही काही सांगणार होती, पण मी कुठली सांगू देते! "इबू, अजिबात काळजी करू नका. बाटिक आम्हाला काय नवीन? कॉलेजात माझे तीन ड्रेस बाटिकचे होते." ती हसली आणि गेली.

शनिवारी सकाळी मी कापड उलगडलं. अगं बाई, काय काम! निळ्यावर पांढरी नक्षी, केसासारख्या रेघा. पण मधेमधे हे तपकिरी मेणाचे जाड थापे. माझा जीव कळवळला. म्हटलं, म्हातारीचा हात हलला असणार, मेण सांडलं बिचारीचं, आणि आता सांगायची लाज वाटतेय. मेणाचा डाग काढणं आमच्या घरात प्रत्येक मुलीला येतं. खालीवर कागद ठेवायचा आणि गरम इस्त्री फिरवायची. मी अख्खे दोन किचन रोल संपवले. तीन तास लागले. नवरा चहा मागायला आला, त्याला हाकलला. मग कोमट पाण्यातून काढलं, हलकी खळ दिली, पुन्हा इस्त्री. घडीवर पुण्याहून आलेल्या आंबावडीचं पाकीट ठेवलं आणि स्वतःवर फार खूश झाले.

सोमवारी सकाळी इबू आली. घडी तिच्या हातात देऊन मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले. तिने कापड उलगडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "किती स्वच्छ," म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर बसली.

शुक्रवारी मी जे सांगू दिलं नव्हतं ते तिने तेव्हा सांगितलं. मेण सांडलेलं नव्हतं. तेच तर काम होतं; थंडीत ते तडकू नये म्हणूनच उबदार खोली मागितली होती. जे निळं आणि पांढरं राखायचं ते मेणाने झाकायचं, मग कापड तपकिरी रंगात बुडवायचं. झाकलेलं तेवढं वाचतं. त्या दिवशी ते रंगात जायचं होतं, आणि मी बाई त्याला खळ देऊन बसले होते.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. पण तिने पाकीट उघडलं, अर्धी वडी मला दिली, अर्धी आपण खाल्ली, आणि म्हणाली, "ऑफिसला सुट्टी टाक. मला माणूस लागेल."

तीन दिवस मी शेडमध्ये होते. बाटिकचं हत्यार म्हणजे बांबूची दांडी, तिला तांब्याचं इवलं भांडं, भांड्याला सुईएवढी तोटी. तापल्या मेणात बुडवायचं, तोटीत फुंकर मारायची आणि रेघ ओढायची. मी मंडळाच्या रांगोळी स्पर्धेची परीक्षक! माझी पहिली रेघ माझ्याच मांडीवर उमटली, दुसरीने अंगठा भाजला. इबूने आपल्या कापडाला मला हात लावू दिला नाही. मेणाची कढई न जळू देता तापती ठेवायची एवढंच माझं काम. मधल्या वेळात रुमालाएवढा तुकडा दिला. "काय चुकायचं ते यावर चूक," म्हणाली.

ती सकाळपासून वाकलेली असायची. बुधवारी तिचं मनगट सुजलं. संध्याकाळी बघितलं तर कापड निम्मंच झाकून झालं होतं. तपकिरी रंगाचं नावच सोडा.

गुरुवारी केंद्रात साहेब आला. पंचविशीतला पोरगा, हातात टॅबलेट. इबूने कापडाची दोन टोकं धरून ते त्याच्यापुढे उलगडलं. "अजून पुरं नाही," म्हणाली. पण त्याची मान टॅबलेटवरून वर येईल तर शपथ. "या सत्रात नवशिके किती? ते काय शिकले याचा काही पुरावा?"

मी पर्समधून माझा रुमाल काढला. थेंबांवर थेंब, रेघ म्हणावी अशी एक नाही.

"मागच्या आठवड्यात तुम्हाला यातलं काहीच येत नव्हतं?"

"काहीच नाही. काहीच्याही खाली होते मी," मी म्हटलं. इतकं खरं मी कुठल्या सरकारी फॉर्मवर कधी लिहिलेलं नाही.

त्याने रुमालाचे चार फोटो घेतले, भाजलेल्या अंगठ्याचाही एक. कॉन्फिडन्स, वेलबीइंग, कम्युनिटी, एकेका शब्दापुढे खूण केली. क्लास चालू राहणार, म्हणाला. जाता जाता माझा हात हातात घेऊन, "ही अस्सल परंपरा तुम्ही जपताय, थँक्यू." मला! मेण पुसणारीला!

दार लागलं आणि मी फक्त फुगडी घालायची बाकी ठेवली. "इबू, वाचलो! क्लास राहिला!"

ती अजून दोन्ही टोकं धरून उभी होती.

"ठेवा आता खाली. हात सुजलाय तुमचा."

"त्याने बघितलं नाही," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात तक्रार होती. "क्लास राहिला, चांगलं झालं. पण त्याने बघितलंच नाही गं."

त्या पोराला मागे बोलावून दोन ठेवून द्याव्यात असा संताप आला. बोलायला तोंड उघडलं आणि कुठल्या तोंडाने बोलू ते कळेना. मी तिच्या सुजलेल्या हातातलं टोक माझ्या हातात घेतलं. "मला सांगा," म्हटलं. "पहिल्या रेघेपासून."

मी खरंच विचारतेय का, हे ती थोडा वेळ बघत राहिली. मग सांगायला लागली. तासभर सांगत होती, आणि मी मधे एकदाही बोलले नाही.