टाकलं ना तेल!

आमच्या सासरी पेट्रोललाही तेलच म्हणत. करडईचं तेल, डोक्याचं तेल, गाडीचं तेल, सगळं तेलच. या एका शब्दापायी माझी मोपेड चौक्याच्या घाटात बंद पडली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी फुलंब्रीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शहरातून रोज जायचं आणि एसटीचा भरवसा नाही, म्हणून घरच्यांचं डोकं खाऊन ती मोपेड घेतली होती. तिच्यामुळे पहिली घंटा चुकत नव्हती आणि कुणाची मिनतवारी करावी लागत नव्हती. एका रविवारी धाकटा दीर ती मित्राकडे घेऊन गेला. परतल्यावर मी विचारलं, "भावजी, पेट्रोल भरताना ऑईल टाकलं ना?"

"टाकलं ना वहिनी तेल! टाकी फुल हाय."

दुसऱ्या दिवशी घाट चढताना इंजिनाचा आवाज कोरडा यायला लागला, गाडी ओढेना आणि मागचं चाक एकदम अडकलं. पडता पडता वाचले. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. एक म्हणाला, "मॅडम, चोक लई दिला आसंल." दुसरा म्हणाला, प्लग काढून पुसा. अरे, प्लगचा काय दोष! ठिणगी पडत होती, पेट्रोल पेटत होतं, पेटलेला वायू पिस्टनला ढकलत होता. मोठ्या गाड्यांच्या इंजिनाखाली ऑईल वेगळं साठवलेलं असतं. माझ्या टू-स्ट्रोक गाडीला तो थाट नव्हता. पेट्रोलात मिसळलेलं ऑईल आत जाता जाता पिस्टनला लागेल, तेवढंच तिचं वंगण. तेही नसेल तर धातू धातूला घासणार, तापून फुगणार आणि पिस्टन जागीच अडकून बसणार. हे मी फळ्यावर चित्र काढून पोरांना शिकवत होते. आणि आमच्या घरात मिशी फुटलेल्या बाप्याला तेल आणि ऑईल यातला फरक कळत नव्हता.

गॅरेजवाल्यानं इंजिन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. घरी मी सगळ्यांसमोर दिराला विचारलं, "कुठलं तेल टाकलं होतं?"

"तेल म्हंजी... पेट्रोल."

हे ऐकून नवरा हसला. सासूबाई हसल्या. मला इतका संताप आला की हातातला कप मी आपटलाच.

"बाईमाणसानं गाडी दामटली की असंच व्हतं," सासरे म्हणाले.

"मामा, ऑईल नव्हतं त्यात!"

"आता लई शिकवू नको."

गाडी दुरुस्त होऊन आली. सासऱ्यांनी किल्ली दिराच्या हातात दिली. गड्याला मशीन कळतं म्हणे. मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. नवरा पेपरातून मान वर काढून म्हणाला, "एसटी आहे ना."

पुढच्या आठवड्यात मी हर्सूलच्या थांब्यावर उभी होते. दीर माझ्याच गाडीवरून समोरून गेला. मला बघून त्यानं खुशीत हॉर्न वाजवला.