दोह्याचा जावई आणि डब्यातली हळद

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता एखादं माझंही असेल. कुरुंद्याच्या हॉटेलात बाकड्यावर किस्से असे साचतात, की कुठला घडला न् कुठला आपण जोडला, कळत नाही.

बाबाराव माझा चुलतभाऊ. त्याचा जावई तिकडं कतारात, दोह्याला नोकरीला. सुनीताशी, म्हणजे बाबारावच्या लेकीशी, बिनसलेलं. सुट्टीत आला न् पाच वर्षांच्या आरूला औंढ्याला दर्शनाला म्हणून घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला, विमानतळावरून. पोरगी माझ्यापाशीच राहील, म्हणाला.

बाबाराव मला विचारतो, "औंढ्याला इमान कवा सुरू झालं रे?"

*

आमच्यात सोयरीक बिघडली की आधी बैठक. पोलिसात गेलं की सोयरीक तुटली म्हणतात. आम्ही जीप भरून व्याह्याच्या गावी. जावई तर दोह्यात! मग व्हिडिओ कॉल लावून सतरंजीवर मधोमध मोबाईल ठेवला. पहिला चहा जावयाला, हा रिवाज. मी मोबाईलपुढं कपबशी सरकवली.

जावई आतून म्हणाला, "काका, थंडा होऊन राहिला."

सगळे हसले. सुनीता सोडून.

*

हळद शिजून वाळली, तरी बैठका चालूच. शेवटी वसमतच्या वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, त्याच दिवशी पोलिसात तक्रार, लगोलग कोर्टात ताब्याचा अर्ज, तिथल्या आपल्या दूतावासाला खबर, एवढं करायचं होतं. लेकरू तिकडं रुळलं की तेच तुमच्यावर उलटतं.

"इतके दिवस तुम्ही काय केलं?"

बाबाराव म्हणाला, "चहा पाजला, बाई."

*

आता केस चालू आहे. आरूनं जायच्या आधी डालड्याच्या डब्यात हळदीचं कांड लावलं होतं. कॉलवर बाप शेजारी बसलेला, पोरगी एवढंच विचारते, "आई, माझी हळद काढली का?"

"न्हाई बाई. तू आल्यावर काढू."

गावातली हळद केव्हाच निघाली, डबा तसाच.

*

आणि मग निकाल लागला. आरू हैदराबादला विमानातून उतरली. कुरुंद्यात जीप थांबायच्या आत उडी मारली, डब्याकडं पळाली, डबा उपडा केला. कांडाचा गड्डा झालेला! माती पुसून बाबारावच्या हातात दिला.

"आबा, शिजवा."

डबा तसाच, इथपर्यंतचं सगळं खरं. निकाल, विमान, पुढचं सगळं मी रचलंय. बाबारावला ते ठाऊक आहे. तरी रोज बाकड्यावर येतो, दोन चहा सांगतो न् म्हणतो, "इमानापासून सांग."