एकटीसाठी मेणबत्ती

काका गेल्यावरही मावशी रोज रात्री जेवताना ट्यूबलाइट बंद करून मेणबत्ती लावते. परवा मी तिच्याकडे होतो, तेव्हा शेजारीण दारातून डोकावली.

"अहो, एकट्या बाईला शोभतात का ही थेरं?"

मावशीने काडी ओढली. "एकटी आहे म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवू का?"

शेजारीण निघून गेली. मला वाटलं, विजेचा दिवा अख्खी खोली दाखवतो, रिकाम्या खुर्चीसकट. मेणबत्ती तेवढं जवळचंच उजळते. वाफाळता वरणभात, लिंबाची फोड, जेवणाऱ्याचा चेहरा. दुःखाला तेवढा वेळ बाहेर थांबावं लागतं.

खिडकीतून वारा आला, ज्योत आडवी झाली. मावशीने डाव्या हाताचा आडोसा धरला आणि उजव्या हाताने ती निवांत भात कालवत राहिली.