झिऱ्याकडे सोडलेलं पाणी

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शेतात एक झिरा आहे, भर उन्हाळ्यातही न आटणारा. वरच्या पाड्यावरच्या बायका तिथूनच हंडे भरतात. पाणी पारखायची आईची रीत एकच, तूरडाळ लावून बघायची. झिऱ्याच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजायची, शेतातल्या बोअरच्या पाण्यात टणकच राहायची. लग्न होऊन मी धुळ्याला आले, तेव्हा इथल्या नळालाही तिने आधी डाळ लावून पास केलं होतं.

भावाने त्याच बोअरवर पाण्याचा प्लँट टाकला आणि बाटल्यांवर फेसाळता धबधबा छापून घेतला. आमच्या डोंगरात असा धबधबा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पण गिऱ्हाईक चित्र बघून बाटली उचलतं, त्याला बोअर कोण दाखवणार? ते पाणी वाळूतून, कोळशातून, मग बारीक पडद्यातून दाबाने ढकलायचं आणि शेवटी जंतू मरावेत म्हणून निळसर दिव्याजवळून न्यायचं. क्षार इतके निघून जातात, की चवीपुरते पुन्हा घालावे लागतात. मला हसू आलं. आईने मात्र त्या पाण्यात डाळ लावली, ती छान शिजली, आणि तिने भावाच्या पाठीवर हात फिरवला.

मग तिला मागचा पाइप दिसला. पडद्याने अडवलेले क्षार घेऊन उरलेलं पाणी तिथून नाल्यात चाललं होतं. दिसायला अगदी नितळ. थेंबाथेंबाला जपलेली बाई ती, तिचा जीव कळवळला.

"इतलं पाणी वाया जाई ऱ्हायनं, भाऊ! झिराकडे सोडी दे."

भावालाही पटलं. त्याने झिऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा खणला, दगडगोटे भरले, पाइप आत सोडला. पाणी जिरवायचं पुण्य म्हणून नारळ फोडला. आई किती खूश होती!

पुढे एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तर आई चुलीपुढे डाळ चेपून बघत बसलेली.

"दाय शिजनी नही," ती म्हणाली. "पाणी झिरानंच शे."

मी घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. बोअरचे सगळे क्षार खड्ड्यातून झिऱ्यात उतरले होते. भावाने त्याच दिवशी खड्डा बुजवला. त्यानंतर भरपूर पाऊस झाला, पण झिऱ्याची गोडी परत आली नाही.

पाड्यावरच्या बायकांसाठी भावाने प्लँटबाहेर फुकट नळ लावला. वीज नसली की नळ कोरडा, आणि आमच्याकडे वीज कधी असते हे सांगायला नको. नळाशी ताटकळून त्या पुन्हा झिऱ्यावर जायला लागल्या. वाटेत आमचं दार लागतं. आई पूर्वी त्यांना हाक मारायची, आता त्या दिसल्या की ती आत जाते.

गेल्या खेपेला भाऊ तिच्यासाठी जार घेऊन आला. तिला मुतखड्याचा जुना त्रास, डॉक्टरांनी क्षाराचं पाणी पिऊ नका म्हणून बजावून ठेवलेलं. तिने जार उघडूही दिला नाही. झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या तिने तोंडाला लावला. मी संतापले, म्हटलं, "मरायचंय का तुला?"

"मीच त्याले सांगेल व्हतं," ती म्हणाली. "त्या बाया पितस ना? मंग मी बी पिसू."

आणि आमच्या दोघांच्या देखत तिने तो तांब्या संपवला.