हळू उडणारी थाळी

हे माझ्या बायकोलेही माहीत नाही. पस्तीस वर्षांचा संसार झाला, तिच्यापासून म्या बिडीसुद्धा कधी लपवली नाही — पण हे लपवलं. तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी मले ओळखत नाही. अन् मी आता थकलो. गुडघ्यानं थकलो असं नाही. एकच गोष्ट मनात दाबून दाबून माणूस थकते, तसा थकलो.

किन्हीराजाच्या फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पेरणीयंत्रं, नांगराचे फाळ, घराची गेटं — अन् सोयाबीन निंघालं की हडंबे. मळणीच्या मशीनले आमी हडंबा म्हणतो. त्याचं रोज काही ना काही तुटते. दुकान माझ्या बापानं टाकलं. त्यानं मले एकच गोष्ट शिकवली — गिऱ्हाइकाले 'जमत नाही' म्हणायचं नाही. लोखंड आहे, आग आहे, हात आहेत, मंग जमत कसं नाही? चांगली वाटते ना ऐकायले? मलेही लय वर्षं चांगली वाटली.

दिनकरभाऊ आमचे जुने गिऱ्हाईक. रानडुकरं पिकात घुसतात म्हणून त्याईच्या घरी बाराबोर बंदूक, परवान्याची. त्याईची पोट्टी पल्लवी. कॉलेजात असताना ती नागपूरले शिबिरात गेली, अन् तिथून थाळी फोडायचा नाद घेऊन आली. एक मशीन मातीची थाळी हवेत फेकते — बशीएवढी, पापडासारखी ठिसूळ — अन् ती आपल्यापासून दूर पळून राह्यली असताना छऱ्यानं फोडायची. तिथल्या शिकवणाऱ्यानं म्हटलं होतं, या पोरीचा डोळा चांगला आहे. पोट्टी तेवढ्यावरच जगत होती, बापा.

दिनकरभाऊ कडक माणूस, पण बोलल्या शब्दाले पक्के. त्याईनं माझ्या दुकानातच, बाकड्यावर बसून अट घातली. एक मॅच. तीत पुढं जाण्याइतक्या थाळ्या फुटल्या तर पुण्याले हेच शिकाले पाठवतो. नाही फुटल्या तर बंदूक कपाटात, अन् मी पाहीन त्या घरी लग्न. पल्लवी हासून 'हाव' म्हणाली. तिले स्वतःवर तेवढा भरवसा होता.

सरावासाठी थाळी फेकायचं मशीन लागत होतं. दिनकरभाऊ ते बाहेरून तयार मागवणार होते, पैशाची अडचण नव्हती. मीच मधी बोललो. "कायले मागवता भाऊ? मी आहो ना." कोणी विचारलं होतं मले? कोणीच नाही. पल्लवीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, म्या तो दोनदा पाह्यला, अन् छाती फुगवून कामाले लागलो.

काम करताना मात्र मजा आली, खोटं कायले बोलू. आधी ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग लावून पाह्यली, ती नरम पडली. मंग कल्टिवेटरची काढून लावली. थाळी फेकणारा हात लोखंडी पट्टीचा केला. थाळी बसायले पट्टीवर पन्हाळीसारखी खाच, खाचेत रबर — म्हणजे थाळी रबरावर घासत, गिरकी घेत सुटावी. खाली फिरता पाट, म्हणजे कधी डावीकडं जाईन, कधी उजवीकडं. दोरी ओढली की खटका सुटे. दुकानात येणारा-जाणारा उभा राहून पाहे.

पहिली थाळी बसवली, दोरी ओढली — अन् ती मशीनच्या हातातच फुटली. दुसरीही तशीच. दहा-बारा थाळ्यांचा तिथंच भुगा झाला. स्प्रिंगचा जोर लय, पट्टी जड, झटका बसला की थाळीच्या ठिकऱ्या. मंग म्या काय केलं? स्प्रिंग ढिली केली. थोडी, अजून थोडी, अजून. तवा कुठं थाळी शाबूत सुटली.

मॅचमधी थाळी पंचाहत्तर मीटरवर जाते, हे पल्लवीनं मले सांगून ठेवलं होतं. मशीन वावरात नेलं. थाळी फेकली, ती पडली तिथपर्यंत म्या पावलं मोजली. माझं पाऊल म्हणजे मीटरच, वावरं मोजण्यात जिंदगी गेली. पंचावन्न भरली. पुन्हा फेकली, पुन्हा पंचावन्न. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून दिनकरभाऊनं आवाज देला, "किती गेली हो?"

अन् म्या वरडून सांगतलं — "पंचाहत्तर!"

तुमाले वाटलं असन, हेच सांगायचं होतं. नाही. एवढंच असतं तर म्या कधीचं कोणाजवळ तरी बोलून टाकलं असतं. लोकं याच्यापेक्षा मोठं खोटं बोलतात. तवा माझ्या मनात होतं की चार-आठ दिवसांत काही तरी करून जोर वाढवीन. पण हंगाम आला, दुकानापुढं हडंब्यांची रांग लागली, अन् खरं सांगू? पल्लवीच्या थाळ्या पटापट फुटाले लागल्या. पंचविसातल्या बावीस, तेवीस. लोकं संध्याकाळी वावरात पाहाले येत. तिची तारीफ करत, अन् मंग माझी. "काय मशीन बनवलं बुढ्यानं!" मले ते गोड लागे. आता त्या स्प्रिंगले हात कोण लावते?

मॅचच्या पंधरा दिवस आधी पल्लवी दुकानात आली. एकटीच. हडंब्याच्या जाळीवर हात ठेवून उभी राह्यली. मंग म्हणाली, "काका, एक विचारू? तुमी मोजूनच लावली ना स्पीड? मले नागपूरपेक्षा हळू वाटून राह्यली थाळी."

पाहा — पोट्टीले कळलं होतं. कोणाले नाही कळलं, तिले कळलं. मी तवा 'हाव बाई, हळू आहे, माझ्याच्यानं झालं नाही' असं म्हणालो असतो तर काय झालं असतं? दिनकरभाऊनं चार शिव्या देल्या असत्या. बाहेरचं मशीन आठ दिवसांत आलं असतं. पंधरा दिवस होते तिच्याजवळ.

मी हासलो. बापासारखा हात तिच्या डोक्यावर ठेवला अन् म्हटलं, "अवं बाई, थाळी तेवढीच पळते. तुझा डोळा बसला आता, म्हणून तुले हळू दिसते."

तिचा चेहरा असा खुलला! तो चेहरा मले आजही दिसते. ती पाया पडून गेली. हे आहे ते. मशीन कच्चं होतं, ते राहू द्या. पोट्टीले जे खरं दिसत होतं ते म्या तिच्याच तारीफीखाली गाडलं, अन् तिनं विश्वास ठेवला. कारण मी काका होतो.

मॅचमधी पंचविसातल्या नऊ फुटल्या. दुसऱ्या फेरीत आठ. परत आल्यावर ती बापासमोर मले म्हणाली, "थाळी दिसे तवा निंघून गेलेली राहे, काका. तिथं माझा डोळा बसलाच नाही." दिनकरभाऊ म्हणाले, पोट्टी घाबरली, दुसरं काय. आजूबाजूचे म्हणाले, घरी सगळेच वाघ असतात. मी तिथंच होतो, भाऊच्या शेजारी खाटेवर बसलो होतो. अजून येळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. भाऊ कडक होते, पण बेइमान नव्हते, त्याईनं तिले दुसरी मॅच देली असती. हे मले तवाही माहीत होतं.

बंदूक कपाटात गेली. पुढच्या उन्हाळ्यात रिसोडकडच्या घरी तिचं लग्न झालं. मांडवात दिनकरभाऊनं मले दुपट्टा-टोपी देऊन सगळ्याइसमोर सांगतलं, या माणसानं माझ्या पोरीसाठी रात्रंदिवस मेहनत केली. म्या मान खाली घालून टोपी घेतली. लोकाइले वाटलं, माणूस नम्र आहे.

लग्नानंतर त्याईनं मशीन माझ्याकडंच पाठवून देलं. एक दिवस दुकान रिकामं होतं. कायले कोण जाणे, म्या पट्टी काढली, तिच्या जागी हलका अॅल्युमिनियमचा पाइप चपटा करून लावला, अन् स्प्रिंग पूर्ण कसली. जुन्या खोक्यात चार थाळ्या उरल्या होत्या. चारही शाबूत सुटल्या. पावलं मोजली — पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. सकाळी बसलो होतो, दुपारच्या जेवणाच्या आत झालं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मंग म्या ते मशीन कापून भंगारात टाकलं.

मागच्या महिन्यात रिसोडले एका शाळेच्या गेटाचं काम होतं. पल्लवीनं ऐकलं अन् नवऱ्याले पाठवून मले घरी बोलावलं. घर चांगलं आहे, नवरा भला आहे, ती सुखात नाही असं मी म्हणत नाही. तिची पोट्टी आठ वर्षांची आहे, शाळेत धावण्यात पहिली आली, शाळेवाले तिले जिल्ह्याच्या स्पर्धेले पाठवायचं विचारून राह्यले होते. पल्लवी नाही म्हणते. नवऱ्यानं मलेच सांगतलं, "काका, तुमी समजवा हिले."

पल्लवी चहा घेऊन आली. नवऱ्याकडं पाहून म्हणाली, "हे काका माझ्यासाठी लय झटले. मशीन तर एक नंबर होती याईची, मीच कमी पडली. आपल्याले वाटते आपल्यात काही आहे, अन् नसते. पोरीले कायले त्या फंदात पाडू?"

पोट्टी दारात उभी राहून ऐकत होती. बशीत चहा ओतला, फुंकर मारली अन् पेलो.