मनोऱ्याखालची ड्युटी

पर्यटन स्थळ जुनं झालं की तिथं दोन गोष्टी साचतात, पालापाचोळा आणि किस्से. पाचोळा निदान झाडता येतो.

मी नाकाडोंगरीकडच्या जंगलात वनरक्षक आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे मी राखते त्या हद्दीत, एक जुना पिकनिक स्पॉट आहे. तलाव, झोपाळे, कान तुटलेलं सिमेंटचं अस्वल आणि एक उंच लोखंडी मनोरा. मनोऱ्याचे पाय गंजलेत. वारा सुटला की तो करकरतो. कोणी पडलं तर? हा पाडून नवा बांधा, असं वर कळवून कळवून मी थकले.

*

शेवटी मीच बोर्ड लावला, 'मनोरा धोकादायक आहे. चढू नये.' रविवारी जाऊन बघते तर मोहाडीच्या एका कुटुंबानं मनोऱ्याच्याच आडव्या पट्टीला लुगड्याचा झोका बांधून बाळ निजवलेलं. मी धावतच गेले.

"आजी, बोर्ड वाचला नाही का?"

आजी शांतपणे म्हणाली, "वाचला ना बाई. आमी कोठी चढलो?"

*

मग मनोऱ्याच्या जिन्यात आग्या मोहोळ बसलं. लोक लांबूनच वळायला लागले. त्या दिवसांत मी दोन घास जास्तच जेवले. आमचे वनमजूर शालिककाका म्हणाले, "मॅडम, या माश्याईले पर्मनंट करून टाका. आपल्यापेक्षा चांगली ड्युटी करून राहिल्या."

पण वरठीची एक पार्टी आली. वारा लागू नये म्हणून त्यांनी मनोऱ्याखालीच गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला लावले. धूर वर गेला, माश्या खाली आल्या आणि पार्टी कपड्यांसकट तलावात गेली. मी चौकीच्या खिडकीतून जीव मुठीत धरून डोकी मोजत होते. सगळे निघाले, सुजलेले पण पूर्ण. मोहोळ मात्र उठून गेलं ते गेलंच.

"रोडगे मस्त भाजले होते," काका दुसऱ्या दिवशी म्हणाले.

*

नूतनीकरणाचा प्लॅन घेऊन नागपूरहून एक आर्किटेक्ट आले. लॅपटॉपवर नवं गेट, सेल्फी पॉइंट, झिपलाइन, फूड कोर्ट, सगळं फिरवून दाखवलं. मी विचारलं, "सर, मनोरा?"

"तो नाही काढायचा. हेरिटेज लुक आहे. लायटिंग मारू, म्हणजे अंधार पडल्यावरही लोक चढतील."

घरी येऊन मी बीपीची गोळी अर्धीच्या ऐवजी पूर्ण घेतली.

*

अखेर माझं कळवणं कामी आलं. मनोरा खरंच धोकादायक आहे का, हे बघायला समिती आली. आमचे रेंजर साहेब, इंजिनिअर, सरपंच आणि फोटोग्राफर. सगळ्यांनी बोर्ड नीट वाचला. आणि एकामागून एक चढायला लागले.

"साहेब, एकेक जण जा ना," मी खालून विनवलं.

"अहो, सगळे चढल्याशिवाय लोड कसा समजणार?" इंजिनिअर वरून म्हणाले.

मनोरा करकरला. एक नट माझ्या पायाशी येऊन पडला. काकांनी डोळे मिटले. वर फोटो निघाले, तलावाचं कौतुक झालं, रेंज चांगली मिळते म्हणून सरपंचांनी घरी फोनही लावला. मग सगळे हसत खाली उतरले.

साहेबांनी मनोऱ्याच्या पायावर थाप मारली. "मॅडम, तुमी उगाच घाबरून राहिल्या. एवढे जण चढलो, काही झालं का? सोमवारी शाळेची सहल येऊन राहिली, त्याच्या आत तो बोर्ड काढा. पोरं घाबरतील."

मी मघाशी उचललेला नट पुढे केला.

साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काकांच्या हातात दिला.

"ठेवा, नव्या गेटले कामी येईल."